न धुता चालणारं नोझल

३ मार्च, सोमवार

ही वही घरी राहील. गाळ्यातली वही चाचण्यांची आहे, ती कुणीही उघडून बघू शकतं. इथे मनातलं लिहीन.

आज चौथ्या बनावटीची रंग फवारायची गन हातात आली. बॅटरीसकट वजन एक किलो सातशे ग्रॅम. ना वायर, ना कॉम्प्रेसर. ड्रिल मशीनची बॅटरी खालून सरकवली की रंग मारायला सुरुवात. अशा गन बाजारात ढिगाने आहेत. माझ्या गनमध्ये वेगळं आहे ते नोझल. ट्रिगर सोडला की आतली सुई मागे सरकते आणि टोकात उरलेला रंग परत कपात ओढून घेते. टोकात रंगच उरला नाही तर वाळणार काय आणि तुंबणार काय? म्हणजे काम संपल्यावर गन धुवायची गरज नाही. तास-दोन तास तशीच ठेवून मी बघितलंय, अडलं नाही.

पुण्याच्या कंपनीतल्या अंकिता मॅडमना कल्पना आवडली, पण त्यांना पुरावा हवा. रविवार-सुट्टी सोडून तीस दिवस गन रोज वापरायची, एकदाही धुवायची नाही, रोज नोंद करायची. मग त्या स्वतः येऊन बघतील. पटलं तर कंपनी गन बनवणार आणि नोझल माझ्या नावाने ओळखलं जाणार. यासाठी मी तंत्रनिकेतनातली नोकरी निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सोडली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. माझ्या बायकोने, प्रेमलाने, तोंडावर काढलं नाही, इतकंच.

रंग मारायला सिद्धरामला ठेवलंय. आमचं घर त्यानेच रंगवलं होतं. मूळ अक्कलकोटकडचा, आता शेळगीत राहतो, हात साफ आहे. त्याला सांगितलं, रंग किती झाकतो ते बघायचंय, रोज सहा पत्रे मारायचे. नोझलचा विषय काढला नाही आणि काढणारही नाही. मी साडेपाचला घरी निघतो, पत्रे वाळून आत घ्यायला साडेसहा होतात, म्हणून गाळ्याची दुसरी चावी त्याच्याकडे दिली आहे. ही एकच गोष्ट मला खुपते.

११ मार्च, मंगळवार

आठवा दिवस. सकाळी ट्रिगर दाबला आणि पहिल्या सेकंदाला एकसारखा फवारा. वहीत लिहिलं : धुतली नाही, अडली नाही.

पण एक गोष्ट. काल निघताना मी टेबलावर गनच्या बुडाभोवती पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती. आज गन रेघेपासून दोन बोटं बाजूला होती. पत्रे आत घ्यायला गनला हात कशाला लागतो?

१९ मार्च, बुधवार

चौदावा दिवस. या आठवड्यात ऑइलपेंट चालू आहे. फवारा उत्तम. नोझलच्या टोकाचा वास घेतला, थिनरचा वास आला. टोकाची रिंगही मी ठेवली होती त्यापेक्षा अर्धा आटा जास्त घट्ट होती. कुणीतरी नोझल खोलून पुन्हा बसवलं आहे.

आणि आज दुपारी डबा सोडता सोडता सिद्धराम म्हणतो, "सर, आतला त्यो काळा वायसर रबराचा हाय काय? थिनरनं फुगंल ओ. दुसरा घाला की."

मी म्हटलं बघू. तो काळा वॉशर नोझल पूर्ण खोलल्याशिवाय दिसत नाही. याने तो पाहिला कधी?

मी उगीच संशय घेणारा माणूस नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्याच विभागातल्या एकाने माझं ड्रिलिंगचं जिग, म्हणजे भोक नेमक्या जागी पाडायचा साचा, राज्य पातळीवरच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडलं. मी तिथे नुसता बघायला गेलो होतो. ते कसं चालतं हे त्याने मलाच अर्धा तास समजावून सांगितलं. मी मान डोलावून परत आलो. पुन्हा मान डोलवायची नाही, एवढं तेव्हाच ठरवलं.

२४ मार्च, सोमवार

पुरावा सापडला.

रॅकच्या मागे घडी घालून ठेवलेला जुना पेपर होता. उघडला तर त्यावर ओले ठसे उमटून वाळलेले. एका ओळीत, लहान-मोठे : कपाची रिंग, टोकाची रिंग, सुई, वॉशर, टोक. माझ्या गनचा एकेक भाग क्रमाने मांडलेला. व्हर्निअर घेऊन मापं घेतली. अर्ध्या मिलीमीटरच्या फरकाने जुळली. ठसे घेऊन मापं काढायची, ही युक्ती मी बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्याकडून पाहिली नाही. माणूस हुशार आहे हे मान्य करायला हवं.

पेपर होता तिथेच ठेवला. खणात मुद्दाम चुकीच्या मापांचं एक ड्रॉइंग ठेवलं आणि खणाला आडवा दोरा चिकटवला.

२९ मार्च, शनिवार

पाच दिवस झाले, दोरा जागच्या जागी आहे. ड्रॉइंगला त्याने हात लावलेला नाही. म्हणजे त्याला कागदाची गरजच नाही, थेट वस्तूवरून नक्कल चालू आहे.

प्रेमलाला सगळं सांगितलं. ती उद्याच्या पाडव्यासाठी डाळ निवडत होती. म्हणाली, "अहो, मग सरळ विचारा ना त्याला."

"विचारलं की तो सावध होईल."

"आणि चोर नसला तर?"

"तर रोज संध्याकाळी गन खोलायचं त्याला कारण काय?"

"तेच तर विचारा म्हणते मी," असं म्हणून तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. "आणि विचारायचं नसेल तर निदान खडे तरी वेचा." तिला यातलं काही कळत नाही. चार पोळ्या चांगल्या झाल्या की पाचवी बिघडणार नाही याची खात्री असणारी बाई आहे ती.

२ एप्रिल, बुधवार

सव्विसावा दिवस, फवारा पहिल्या दिवसासारखा. ऊन बेचाळीसच्या वर गेलंय, पत्र्यावर रंग पडता पडता वाळतो, पण नोझलला काही होत नाही. मला माझाच हेवा वाटला.

चार वाजता समोर राजाबाईंच्या टपरीवर सिद्धराम एका अनोळखी माणसाशी बोलत होता. अंगठा आणि बोट जवळ आणून काहीतरी एवढंसं असल्याचं दाखवत होता. त्या माणसाने मान डोलावली. नंतर मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"पावने हायत सर, टेंभुर्णीचे. हार्डवेअरचं दुकान हाय त्यांचं."

"कशाला आले होते?"

"दुकान वाढवलंय, रंग मारायचाय म्हनत हुते. तुमच्या गनचं सांगितलं त्यास्नी. म्हनलं, लई बारीक फवारा मारती."

हार्डवेअरवाला. आणि इतक्या सहज सांगितलं की उत्तर आधीच तयार करून ठेवलेलं असणार. फोनवरही तो कानडीत बोलतो. मला कानडी येत नाही, पण मध्येमध्ये 'सर' आणि 'गन' हे दोन शब्द कळतात.

त्याला आजच काढला असता. पण चार दिवस उरलेत, आणि नवा माणूस आणला तर गुपित आणखी एका घरात जाणार.

७ एप्रिल, सोमवार

तीस दिवस पूर्ण. तीस नोंदी, एकही खाडाखोड नाही. वहीचे फोटो काढून अंकिता मॅडमना पाठवले. तासाभरात त्यांचा फोन : सोळा तारखेला येते, आदल्या संध्याकाळी गन वापरून तशीच ठेवा, सकाळी दहाला मी स्वतः ट्रिगर दाबीन.

सिद्धरामला सांगितलं, काम संपलं, सोळाला पुण्याच्या मॅडम गन बघायला येतील. तो म्हणाला, "सोळाला येऊ का सर? मॅडम यायच्या आदी गन तयार करून ठिवतो."

मी म्हटलं गरज नाही. त्याचा चेहरा पडला. मनात म्हटलं, पडणारच.

चावी परत मागितली नाही. मागितली असती तर त्याला कळलं असतं. रात्री, तो पत्रे आत घेऊन गेल्यावर, परत येऊन सरळ कुलूपच बदललं.

१० एप्रिल, गुरुवार

अंदाज खरा ठरला. काल सिद्धरामचे तीन मिस्ड कॉल. उचलले नाहीत. आज सहाच्या सुमारास मुद्दाम स्कूटरवरून गाळ्यासमोरून गेलो, तर हा फाटकाजवळच्या दगडावर बसलेला. उठून कुलूप हातात घेऊन उलटंसुलटं बघत होता. मग पुन्हा बसला. राजाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "कालपन बसला हुता की, दिवे लागेपतुर. चहा पन घेतला न्हाय."

काम संपलेला माणूस दोन-दोन दिवस कुलपावर नजर ठेवून का बसतो, हे आता प्रेमलानेच सांगावं. मी कुलूप बदललं नसतं तर आज गन टेंभुर्णीला असती.

१६ एप्रिल, बुधवार

लिहवत नाही, पण लिहितो.

काल संध्याकाळी मी स्वतः नवा डबा फोडला, चार पत्रे मारले आणि गन टेबलावर ठेवून घरी आलो. कुलूप नवं, चावी माझ्या खिशात. आज दहाला अंकिता मॅडम आल्या. तिशीच्या आहेत, बोलतात कमी. त्यांनी गन घेतली आणि ट्रिगर दाबला. मोटर घुमली. काहीच नाही. पुन्हा दाबला. टोकातून जाडसर गोळा आला आणि त्यांच्या बुटावर पडला.

मी टोक पुसलं, हलवलं, कप काढून परत बसवला. दहा मिनिटं मी त्या बाईसमोर टाचणीने नोझल टोकरत होतो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या वहीत तीस दिवस चाललंय. म्हणजे आज काहीतरी वेगळं झालंय. ते शोधा. मी सव्वीसला एकदा येते. त्यानंतर मात्र मला येता येणार नाही."

काय वेगळं झालंय ते मला पक्कं माहीत आहे. या वेळी तो इथे नव्हता, आणि तो नसताना गन बिघडली. जाण्याआधी काहीतरी करून गेलाय.

१७ एप्रिल, गुरुवार

गन पूर्ण खोलली. टोकाच्या आत रंग वाळून दगड झालाय. वॉशर ठीक, सुई ठीक, स्प्रिंग ठीक. मग रंगातच काही मिसळलं असेल.

प्रेमला म्हणाली, "कुलूप तुम्ही बदललं, डबा तुम्ही आणला, झाकण तुम्ही उघडलं. मग तो शिरला कुठून?"

तिने चपला पुढ्यात आणून ठेवल्या. "शनिवारी शेळगीला जा. पोलिसासारखं नाही, माणसासारखं. हवं तर मी येते."

एकटाच जाईन म्हटलं. समोरासमोर बसवून कबूल करवून घेतो.

१९ एप्रिल, शनिवार

सिद्धरामच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतींना फिकट पिस्ता रंग, इतका एकसारखा की एक रेघ दिसत नाही. तो मला बघून उभाच राहिला. त्याची बायको अक्कम्मा पाणी घेऊन आली. म्हणाली, "तुमच्या गनचं लई सांगतेत हे. आमच्या भावाला पन फोन करून सांगितलं. सर नवीन मशीन काडलेत म्हनून."

मी विषयाला येणार तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, आदी मला सांगा, कुलूप कुनी बदललं?"

मी अक्कम्माने दिलेलं पाणी प्यालो.

"माजी शिडी न्ह्यायला आलतो. चावी लागंना. म्हनलं, कुनीतरी फोडून दुसरं बसवलं. तुमाला फोन केला, तुमी उचलला न्हाय. मग बसलो तितंच दोन दिस, संद्याकाळी कोन येतंय का बगत. आत तुमची गन हाय म्हनून. तिसऱ्या दिशी राजाबाई म्हनली, सर सोता येऊन गेले, त्यांनीच बदललं असंल. मग जीव थंड झाला."

चहा आला. मी कप हातात घेतला आणि तसाच धरून राहिलो. मग एवढंच म्हटलं, "गन चोक झाली."

"आं? कवा?"

"सोळाला. मॅडमसमोर. सव्वीसला त्या परत येणार."

"धुतली न्हाय व्हय?"

मी कप खाली ठेवला. तोच पुढे बोलत राहिला. "मी रोज धुवायचो की सर. तुमी गेल्यावर. सगळं खोलून, पान्याच्या रंगाला पानी, ऑइलपेंटला थिनर, मग पेपरवर मांडून वाळवायचो आन परत बसवायचो. बारा वर्साचा हुतो तवापासनं वस्तादानं शिकवलंय, रंगाचं हत्यार मळकं ठिवून घरी जायचं न्हाय. आन तुमची तर येवडी म्हागाची वस्तू. तुमाला कशाला सांगायचं त्यात? रंगाऱ्याचं कामच हाय ते."

तीस दिवस. तीस नोंदी. धुतली नाही, अडली नाही.

मी उठलो. तो दारापर्यंत आला आणि म्हणाला, "सव्वीसला परत येनार न्हवं मॅडम? मी सकाळी आठाला येतो, धुऊन ठिवतो. धा मिन्टाचं काम. तुमी काळजी करू नका."

२२ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस एकाच विचारात गेले. नोझल चालत नाही. ते कधीच चाललं नव्हतं. टोकात रंगाचा पातळ थर उरतो, तास-दोन तास तो ओला राहतो, रात्रभरात दगड होतो. हे पहिल्याच सकाळी कळलं असतं.

आणि दुसरा विचार, जो लिहायला लाज वाटते. सिद्धराम आठला येऊन धुणार आहे. मी त्याला काही सांगितलेलं नाही, त्यामुळे त्यात त्याचं काही चुकत नाही. दहाला मॅडम ट्रिगर दाबतील आणि फवारा येईल. कंपनीचा होकार मिळेल, मग वर्षभरात खरं नोझल बनवून दाखवीन. कुणाला कळणार?

जिग चोरणाऱ्या त्या माणसानेही असंच काहीतरी स्वतःला सांगितलं असेल. प्रेमलाला हे बोललो नाही. आज तिने दोनदा विचारलं, जेवण का जात नाही.

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी आठला सिद्धराम आला. मी गाळा उघडा ठेवून आत बसलो होतो, गन समोर, कालच्या रंगासकट. तो बाह्या सरसावून पुढे झाला. मी म्हटलं, "नको. राहू दे. मॅडम येईपर्यंत बस."

"अवो सर, परत चोक हुईल की."

"होऊ दे."

दहाला अंकिता मॅडम आल्या. त्यांनी गन उचलायच्या आधीच मी सांगून टाकलं. हे नोझल न धुता चालत नाही. वहीतली प्रत्येक नोंद चुकीची आहे. गन रोज धुतली जात होती आणि मला ते माहीत नव्हतं. सिद्धराम धूत होता.

त्यांनी तरीही ट्रिगर दाबून बघितला. तुंबलेलं होतं. मग त्यांनी सिद्धरामला विचारलं, धुवायला किती वेळ लागतो, आणि त्याने सांगितलेली दहा मिनिटं लिहून घेतली. म्हणाल्या, "गन चांगली आहे, सर. हातात हलकी आहे. पण अशा गन आमच्याकडे आहेत. आम्हाला नोझल हवं होतं." माझ्याशी हात मिळवला. "सांगितलंत ते बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या. बस. दोन वर्षांचं काम वीस मिनिटांत संपलं.

सिद्धराम कोपऱ्यात उभा होता. त्याला आता सगळं कळत होतं, हळूहळू, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर येताना मला बघावं लागलं.

"म्हंजे माज्यामुळं झालं व्हय सर?"

"नाही."

"तीस दिस मी धुवून धुवून तुमचं वाटुळं केलं."

"नाही म्हणतोय ना."

"मग मला सांगायचं हुतं की. येकच शब्द. धुवू नगंस म्हनायचं. मी हात लावला नसता. का सांगितलं न्हाय?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग दाराच्या कड्यातल्या नव्या कुलपाकडे.

"म्हंजे ते कुलूप माज्यासाटी..." म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं.

मी होकाराची मान हलवली. एवढं तरी त्याला खरं द्यायला हवं होतं. माफ कर म्हणायचं मात्र राहून गेलं. सवयीने त्याने तुंबलेली गन धुवायला उचलली, मग माझ्याकडे बघितलं आणि जपून परत टेबलावर ठेवली. शिडी खांद्यावर टाकली आणि गेला.

२८ एप्रिल, सोमवार

प्रेमला म्हणाली, फोन करा. मी म्हटलं, तो उचलणार नाही. तिने माझ्याच फोनवरून नंबर लावून फोन माझ्या कानाला लावला. पहिल्या रिंगला उचलला. मी सगळं बोललो. संशय घेतला, पेपर बघितला, दोरा लावला, कुलूप बदललं, चुकलो. एका दमात, तालुक्याच्या बसमध्ये जागा धरावी तशा घाईने. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरं सर."

मी म्हटलं, नोझल पुन्हा करायचं आहे. या वेळी पहिल्या दिवसापासून सगळं सांगतो, काय करायचं, काय नाही आणि का. येशील का?

"टेंभुर्णीचं काम धरलंय. परवा मोकळा हाय, येतो," म्हणाला.

३० एप्रिल, बुधवार

सिद्धराम दहा वाजता आला. दार सताड उघडं होतं आणि मी आत पाठमोरा काम करत होतो. पावलं उंबऱ्याशी थांबली. बराच वेळ कुणी आत येईना, म्हणून वळून बघितलं.

तो बाहेर उभा होता, चपला काढून हातात धरलेल्या.

"येऊ का आत?" म्हणाला.

या दारातून तो महिनाभर रोज आलाय आणि त्याने हे एकदाही विचारलेलं नव्हतं. मी 'ये' म्हटलं. तो आला, आणि संध्याकाळपर्यंत मी सांगेन तेवढंच काम केलं.